सुई लावायची नाही

करवत मिळाली ऐंशी युरोला,
मेव्हण्याची जुनी, नारिंगी, तेलकट,
दोरी ओढली की कोंबड्यांसकट अख्खी आळी उठवणारी.
पँट मात्र एकशे एकोणीसला.
किमतीची चिठ्ठी मी उलटून पाहिली,
मागच्या बाजूला काही शहाणपणाचा आकडा असेल म्हणून.

कोचेव्येच्या सहकारी दुकानात
खताची पोती, दुधाच्या किटल्या, उंदरांचे सापळे,
आणि सगळ्यात आत, दिव्याखाली,
ओळीनं टांगलेले पाय.
बोगोमिरनं विचारलं, "कोणासाठी?"
म्हटलं, "माझ्यासाठी."
तो हसला नाही. तिथेच निम्मा सौदा झाला.

मावशीनं माझ्या नावे केलेल्या तुकड्यात
चौदा स्प्रूस उभ्या उभ्या वाळलेत.
सालीखाली भुंगेऱ्यांनी नक्षी कोरलीय,
बारीक, सारख्या अंतराची.
खोटं कशाला बोलू, काम सुबक आहे.
वनखात्याचं पत्र आलंय, महिनाअखेर पाडा.
लाकूडतोड्यांनी दर सांगितला, मी फोन ठेवला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण पसरायला आधी पाय तर हवेत.

"पुढूनच झाकायचे की चारी बाजूंनी?"
"पुढून पुरत नाही?"
"पुरतं, नीट उभं राहता आलं तर.
नवशिक्याला उभं राहता येत नाही."
मी माझ्या पायांकडे पाहिलं.
पंचावन्न वर्षं त्यांच्यावरच तर उभी आहे.

पुरुषी मापं सगळी. कमरेला बसली
ती लांबीला वीतभर जास्त.
"असू दे, घरी कापून दुमडून घेईन.
अठ्ठावीस वर्षं शिवणकारखान्यात होते."
त्यानं आतलं लेबल दाखवलं.
कात्री, तिच्यावर फुली.
सुई, तिच्यावर फुली.
"टाका घातला की आतले धागे जखडतात.
त्यांना सुटं राहू द्यायचं. वेळ आली की
त्यांना धावत बाहेर यावं लागतं."

मग खिळ्यावरची एक जुनी पँट काढली.
डाव्या मांडीवर फाटलेली,
फाटीतून पांढऱ्या तंतूंचा हा एवढा पुंजका,
उशी उसवावी तसा.
"कोणाची?"
"भाच्याची."
"आणि भाचा?"
"शनिवारी नाचायला जातो."

तो समजावून सांगत होता,
साखळी कापडात शिरते, तंतू ओढून घेते,
दात्यांभोवती गुरफटते, अडते, थांबते,
डोळा लवायच्या आत.
मला कशाला समजावतोस, बाबा.
एकेचाळीस नंबरचं मशीन माझं.
दोरा बॉबिनखाली गुंतला की ते हुंकारायचं आणि अडून बसायचं,
मागे सुपरवायझर विद्मारबाई घड्याळ घेऊन उभी,
मी चिमट्यानं गुंता उपसत, शिव्या गिळत,
पगारातून मिनिटं कापली जात.
एवढी वर्षं ज्याच्याशी भांडले
तो गुंता कुणीतरी मुद्दाम, घडीवर घडी,
कापडाच्या पोटात ठेवून दिलाय.
आणि तो विकत घ्यायला
मी पाकीट उघडून उभी आहे.

आखूड लांबीची मागवायला आठ दिवस लागले.
तोवर भुंगेरे पंधराव्या झाडावर गेले.

नेझा कुंपणावरून म्हणाली,
"या वयात आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतेस."
म्हटलं, "कुऱ्हाड नाही, करवत.
आणि पायाचं बघून ठेवलंय."

रात्री स्वयंपाकघरात घालून पाहिली.
जड आहे. बदकासारखी चालते मी.
उजव्या पायाची शिवण किंचित तिरकी गेलीय,
कुण्या पोरीची शिफ्ट संपत आली असणार.
हात सुईच्या डब्याकडे गेला.
डबा उचलून कपाटावर ठेवला,
जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही.

शनिवारी पहिला वर्ग.
पहिल्या दिवशी करवत सुरूच करत नाहीत म्हणे,
नुसतं उभं राहायला शिकवतात.